उलट्या क्रमाचे स्वर

'फेसीशस' (facetious, म्हणजे थट्टेखोर) या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर ओळीने एकेकदाच येतात. त्याच जातीचा मला फार आवडणारा शब्द म्हणजे 'अ‍ॅब्स्टीमियस', म्हणजे खाण्यापिण्यात संयम राखणारा, मिताहारी. मुळात लॅटिनमध्ये 'टेमेटम' म्हणजे कडक मद्य, त्यापासून लांब राहणारा तो अ‍ॅब्स्टीमियस! शेवटी 'एल-वाय' जोडलं की वायसुद्धा रांगेत येऊन बसतो.

पण खरी गंमत उलट्या क्रमात आहे. आपल्या भारतीय उपखंडाचं विशेषण, 'सबकॉन्टिनेन्टल', कागदावर लिहून फक्त स्वरांखाली रेघा मारा: यू, ओ, आय, ई, ए. चौदा अक्षरांत पाचही स्वर बरोबर उलटे! 'अनकॉम्प्लिमेन्टरी' (प्रशंसा न करणारा, कमीपणा दाखवणारा) हाही तसाच, पंधरा अक्षरांचा.