चर्चा: भीती खोटी ठरवणारी चित्रपुस्तकं आमच्या मुलांना द्यावीत का?

चोपड्याची बाई:
मी चोपडा तालुक्यात दुसरीला शिकवते. परवा वर्गात एक चित्रपुस्तक वाचलं. अंधाराला भिणारी मुलगी एका रात्री धीर करून जंगलात जाते, वाघ दिसतो, ती त्याच्या गळ्यात पडते, संपली भीती. चित्रं फार सुरेख. पण पुढच्याच बाकावरच्या मुलाने विचारलं, "बाई, मग बिबट्यापण काही करत नाही का?" त्याचे वडील रात्रीची लाईट आली की केळीला पाणी द्यायला जातात. सातपुड्याच्या पायथ्याला केळीच्या बागेत बिबट्या दडतो, हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. अंधार पडल्यावर एकटं जाऊ नका, वाकून-बसून काम करताना कुणीतरी सोबत हवं, काठी-बॅटरी घ्या, मोबाईलवर गाणी लावा, हे वनखात्याचं सांगणं आम्ही घोकून घेतो. आणि पुस्तक म्हणतं, भीती मनाचा खेळ आहे! असली पुस्तकं माझ्या वर्गात नकोत.

पांझराकाठ, धुळे:
ताई, काळजी समजली, मत पटलं नाही. त्या मुलाने प्रश्न विचारला म्हणजे त्याला कागदावरचा वाघ आणि बागेतला बिबट्या यातला फरक कळतोय. माझ्या मुलीच्या पुस्तकात पलंगाखालच्या राक्षसाचं एक पान होतं. आधी ती ते झटकन उलटायची. मग जरा थांबायला लागली. महिन्याभराने तिने राक्षसाच्या दातावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. पान कधी उलटायचं हे मुलाच्या हातात असतं, टीव्हीत ते नसतं. मॉरिस सेंडाकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' १९६३ साली आलं तेव्हाही मुलं घाबरतील म्हणून मोठी माणसंच धास्तावली होती. पुढच्याच वर्षी त्याला चित्रपुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक मिळालं. त्यातला मॅक्स अक्राळविक्राळ प्राण्यांचा राजा होतो, पण शेवटी घरी येतो आणि जेवण अजून गरम असतं. मुलांना ते गरम जेवण पुरतं.

अमळनेरची आजी:
आमच्या गावात साने गुरुजींनी शिकवलं, म्हणून बोलते. 'श्यामची आई'त श्याम पोहायला भितो, माळ्यावर दडतो. आई मारून त्याला बाहेर काढते, विहिरीवर पाठवते. तेच वाचून आम्ही विहिरीत उड्या घेतल्या. भीतीला इतकं गोंजारू नये बाई.

पांझराकाठ, धुळे:
आजी, मारून नको हो. मार खाऊन उडी घेणारं पोर पाण्याचं भ्याव सोडतं, माणसाचं धरतं.

चोपड्याची बाई:
आजी, माझं म्हणणं तुम्हीच सांगितलंत. त्या विहिरीवर पोहणारी माणसं होती. आपल्याकडेही पोराच्या पाठीला डबा बांधतात आणि काका आधी पाण्यात उतरतो. माझ्या हातातल्या पुस्तकात ती मुलगी रात्री एकटी जाते. एकही मोठं माणूस नाही, साधी बॅटरीसुद्धा नाही. मला खटकतं ते हे. शूर पोराची गोष्ट सांगा, पण सोबत मागणारं पोर भित्रं नसतं, हेही एखाद्या पानावर येऊ द्या.

यावलचा शेतकरी:
ताईंचं बरोबर. मी वीस वर्षं रात्री पाणी भरतोय. भ्याव वाटतं. पोरासमोर सांगत नाही, एवढंच.

चोपड्याची बाई:
दादा, सांगा त्याला. आज वर्गात मुलांकडून त्यांचीच पानं काढून घेतली. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने काळ्या खडूने अख्खं पान काळं केलं, मध्ये बॅटरीचा पिवळा गोल, त्यात तीन माणसं, एकाच्या खिशात मोबाईल. खाली अहिराणीत लिहिलंय: "पप्पाले भ्याव वाटस. म्हनीसन तो गाना लावस."

पांझराकाठ, धुळे:
ताई, हे पान भिंतीवर लावा. पण वाघाचं पुस्तक काढून घेऊ नका, दोन्ही शेजारी ठेवा. कुणाला कधी कशाचा आधार होईल, आपल्याला नाही कळत. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. सोबतीच्या गोष्टी तिथे शोधू, मी मदत करतो.

चोपड्याची बाई:
शोधूया, नक्की. वाघाचं पुस्तक मात्र सध्या कपाटातच राहील. केळीची कापणी चालू आहे, पोरं संध्याकाळी बागेत असतात.