कोइंब्रा: पोटावर हात ठेवलेली मारिया कोणी घडवली?

सह्यवाट:
डिसेंबरात आईला घेऊन पोर्तुगालला जातोय. कोइंब्रात दीड दिवस हाताशी आहे. एका फोटोत दगडाची गरोदर मारिया, म्हणजे येशूची आई, पाहिली, एक हात पोटावर ठेवलेली. आई सुईण होती, फोटो बघून ती बराच वेळ गप्पच बसली. खाली शिल्पकाराचं नाव होतं ‘मेश्त्रे पेरो’, चौदावं शतक. हा कोण? त्याचं काम कुठे बघायला मिळेल?

पाथरवटाची लेक:
दादा, मी दोन वर्षं कोइंब्रात राहिले, पेरोसाठी पुन्हा पुन्हा त्याच जागी गेले. म्हणून सविस्तर लिहिते.

मेश्त्रे म्हणजे उस्ताद. आडनाव नाही, जन्मसाल नाही. तो आजच्या स्पेनमधल्या आरागॉनहून आला असावा असं अभ्यासक मानतात. त्या काळची पोर्तुगालची राणी इझाबेलही तिथलीच. कागदावर तो ठळक सापडतो 1334 मध्ये: ब्रागा शहराचे आर्चबिशप गोन्सालो परेरा यांनी स्वतःच्या कबरीचं काम पेरो आणि तेलो गार्सिया या दोघांना करारावर दिलं. आर्चबिशप वारले 1348 मध्ये, म्हणजे आपली कबर त्यांनी हयातीतच करून घेतली. ती ब्रागाच्या कॅथेड्रलमध्ये आजही आहे. बाकीची बरीच कामं हाताची ढब ओळखून त्याच्या नावावर धरली जातात.

तुमची मारिया माशादु द कास्त्रु संग्रहालयात भेटेल. तिला ‘नोस्सा सेन्योरा दु ओ’ म्हणतात. नाताळच्या आधीच्या आठवड्यात चर्चमध्ये म्हणतात त्या प्रार्थना ‘ओ’ या हाकेने सुरू होतात, आपण देवाला ‘हे’ म्हणून साद घालतो तशा. त्यावरून हे नाव. तिचा सण 18 डिसेंबरला. आईंना हेही सांगा.

माझे वडील जाती-पाटे घडवायचे. आपल्या काळ्या दगडावर टाकी मारली की हाताला झिणझिण्या येतात. पेरोचा दगड आंसां गावचा, कोइंब्राच्या जवळचा: पांढरट, बारीक कणांचा चुनखडक, इतका मऊ की त्यात कापडाची चुणी काढता येते. मूर्तीसमोर उभं राहून आधी चेहरा बघू नका, हाताची बोटं बघा. मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा वडिलांचा हात आठवला. घडवून झालेल्या पाट्यावर ते असाच तळवा ठेवायचे, कुठे खडबड राहिली का ते बघायला.

त्याच संग्रहालयात घोड्यावर बसलेला, शिरस्त्राण घातलेला एक छोटा योद्धा आहे. तो ओलिव्हैरा दु हॉस्पिताल गावच्या ‘कापेला दुश फेरैरुश’ या चॅपेलमधून आला. पेरोचाच मानतात. तोही चुकवू नका.

मग मोंदेगो नदी ओलांडून सांता क्लारा-आ-नोव्हा या मठात जा. राणी इझाबेलची पेरोने घडवलेली दगडी शवपेटी तिथे आहे, 1330 च्या सुमाराची. राणी गेली 1336 मध्ये. डोक्यावर मुकुट, पण अंगावर क्लारा पंथाच्या जोगिणीचा वेश, आणि सोबत यात्रेकरूची काठी आणि शिंपल्याची खूण असलेली झोळी. ती स्पेनमधल्या सांतियागोची यात्रा करून आली होती, तेच तिला मरणानंतरही सोबत हवं होतं. शवपेटीच्या एका अंगाला हातात पोथ्या घेतलेल्या जोगिणी आहेत. त्यांच्याजवळ थोडं रेंगाळा.

मोंदेगोकाठ:
ताईंनी छान लिहिलंय. एक सांगतो: वेदीवरची चांदीची पेटी 1614 ची, राणीचा देह आता तीत आहे. लोक ती बघून परत फिरतात. पेरोची दगडी पेटी खालच्या कोरोमध्ये, म्हणजे जोगिणींच्या प्रार्थनेच्या दालनात आहे, ती दाखवा म्हणून विचारावं लागतं. आधी ती जुन्या मठात होती, पण मोंदेगोचं पाणी सारखं आत शिरायचं, म्हणून जोगिणी 1677 मध्ये टेकडीवर आल्या. जुन्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे ‘से व्हेल्या’त, राणीची सोबतीण दोना वातासा हिचीही कबर आहे. ती बायझंटाइन राजघराण्यातली, म्हणून कबरीवर दुतोंडी गरुड.

पाथरवटाची लेक:
हो, वातासा राहिलीच! आणि दादा, राणीच्या नातीची छोटी दगडी शवपेटीही सांता क्लारा-आ-नोव्हातच आहे. तीही पेरोचीच म्हणतात. ती मूल असतानाच गेली. आईंना आधी सांगून ठेवा, एकदम समोर नेऊ नका.

सह्यवाट:
आईला सगळं वाचून दाखवलं. तिकीट बदलून 18 तारखेला कोइंब्रात राहायचं ठरवलंय. नातीच्या पेटीशी पण जायचं म्हणाली, घरून मोगऱ्याची फुलं वाळवून नेऊ का असं विचारतेय.