कूकनूसा जलाशयातील मासे, कोळसा खाणींतील सेलेनियम आणि गाभोळीचा प्रश्न

मालवणकर_कॅल्गरी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही कॅल्गरीत राहतो आणि दर उन्हाळ्यात फर्नीमार्गे कूकनूसा जलाशयावर मासेमारीसाठी जातो. या वर्षी परवाना काढून कोकनी नावाचे मासे बऱ्यापैकी मिळाले. (नाव ऐकूनच आमच्या घरात आपुलकी निर्माण झाली; प्रत्यक्षात ही गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारी सॉकाय सामनची जात आहे.) त्यांतील काही माद्यांच्या पोटात भरपूर गाभोळी निघाली व ती मी फ्रीझरमध्ये जपून ठेवली आहे.

परतल्यावर एका शेजाऱ्याने सांगितले की एल्क नदीच्या खोऱ्यातील कोळसा खाणींमुळे या पाण्यात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य वाढले आहे आणि ते माशांत साठते. मासे तर चकचकीत, ताजे आणि चवीला उत्तम होते. माझ्या शंका अशा: एक, पाऱ्याविषयी आपण जे ऐकतो तसाच हा प्रकार आहे का? दोन, मासा नीट धुऊन, कातडी काढून, कडक तळला तर सेलेनियम कमी होते का? तीन, गाभोळी खावी की नाही? घरात दोन लहान मुले आहेत, म्हणून विचारतो.

जलपरीक्षक

तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, परंतु तिथपर्यंत पोहोचण्यासाठी थोडे मागून सुरू करावे लागेल.

एल्क खोऱ्यातील खाणी उघड्या आहेत आणि तिथला कोळसा पोलाद बनवण्यासाठी जातो. कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी डोंगर फोडून जो दगड बाजूला काढावा लागतो, त्याचे प्रचंड ढिगारे दऱ्यांमध्ये टाकलेले आहेत. दगड अखंड असताना त्यातील सेलेनियम गंधकयुक्त खनिजांत बंदिस्त असते. तो फुटला की हवा आणि पाणी आत शिरते, सेलेनियमचे ऑक्सिडीकरण होऊन सेलेनेट तयार होते आणि ते पावसाच्या व वितळत्या बर्फाच्या पाण्याबरोबर सहज वाहून जाते. सुरुंगाच्या दारूतील नायट्रेटही त्याच वाटेने येते. खाण बंद झाली तरी ढिगारे जागेवरच राहतात, त्यामुळे झिरपणे थांबत नाही.

पाण्यातील प्रमाण ऐकले तर ते क्षुल्लक वाटते. या खाणी कॅनडाच्या ज्या प्रांतात आहेत, त्या ब्रिटिश कोलंबियाची जलचरांसाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम आहे. पण माशात सेलेनियम मुख्यतः पाण्यातून नव्हे, तर अन्नातून जाते. शेवाळ पाण्यातील सेलेनियम शेकडो ते हजारो पटींनी आपल्या पेशींत साठवते, ते शेवाळ किड्यांच्या अळ्या आणि सूक्ष्म प्राणी खातात आणि त्यांना मासे खातात. पाऱ्याशी तुलना करता फरक इथे आहे: पारा साखळीच्या प्रत्येक पायरीवर वाढत जातो आणि सर्वांत मोठ्या शिकारी माशात सर्वाधिक असतो, सेलेनियमची मोठी उडी मात्र पाणी ते शेवाळ या पहिल्याच पायरीवर होते. म्हणून ‘लहान मासा सुरक्षित’ हा पाऱ्याबाबतचा ठोकताळा इथे डोळे मिटून वापरता येत नाही. शिवाय साचलेल्या पाण्यात सेलेनियमचे अधिक सहज शोषले जाणारे प्रकार तयार होतात, त्यामुळे वाहत्या नदीपेक्षा जलाशयाची चिंता जास्त असते.

रासायनिकदृष्ट्या सेलेनियम हे गंधकाचे भावंड आहे. मेथिओनिन या अमिनो आम्लातील गंधकाच्या जागी ते बसते आणि प्रथिनांचाच भाग बनते. धुण्याने, कातडी काढण्याने किंवा तळण्याने ते निघत नाही, ते एवढ्याच कारणासाठी.

आता गाभोळी. मादी अंडी तयार करताना आपल्या शरीरातील प्रथिने बलकात ओतते आणि त्यांच्याबरोबर सेलेनियमही जाते. मादी स्वतः धडधाकट दिसते, अंडी फलितही होतात. परंतु पिल्लू बलक शोषू लागले की पाठीचा कणा वाकणे, जबडा व पर विकृत होणे, अंगात पाणी साठणे हे दोष उमटतात. तुम्हाला मासे चकचकीत दिसले यात नवल नाही, कारण नुकसान तुमच्या गळाला लागलेल्या माशात नसून पुढच्या पिढीत असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2016 मध्ये जे निकष ठरवले, त्यांत अंडी-अंडाशयातील मर्यादेला (कोरड्या वजनाच्या ग्रॅमला 15.1 मायक्रोग्रॅम) पाण्यातील मर्यादेपेक्षा वरचे स्थान दिले, ते याच कारणाने.

खाणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा आहे. सेलेनियम आपल्याला आवश्यक असते. प्रौढाला दिवसाला सुमारे 55 मायक्रोग्रॅम पुरतात आणि अमेरिका-कॅनडात 400 ही वरची मर्यादा मानतात. उदाहरणादाखल, एखाद्या माशाच्या मांसात कोरड्या वजनाच्या ग्रॅमला 8 मायक्रोग्रॅम असतील आणि मांसात तीन चतुर्थांश पाणी धरले, तर 200 ग्रॅम ताज्या मांसात 400 मायक्रोग्रॅम होतात. ही मर्यादा रोजच्या, दीर्घकाळच्या सेवनासाठी आहे, त्यामुळे उन्हाळ्यात दोन-चार वेळा खाल्लेल्या माशाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मुलांची मर्यादा मात्र बरीच खाली असते. कोकनी प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाणारा मासा आहे. त्याच्या मांसाबाबत ब्रिटिश कोलंबियाच्या आरोग्य विभागाची चालू सूचना पाहून ठरवावे. गाभोळी मी मुलांना देणार नाही.

वैनगंगाकाठ

उत्तम माहिती. एक भर: याच एल्क खोऱ्यातील अप्पर फोर्डिंग नदीत वेस्टस्लोप कटथ्रोट ट्राउटच्या प्रौढ माशांची संख्या 2017 ते 2019 या दोन वर्षांत 93 टक्क्यांनी घटली. विषाचा परिणाम यापेक्षा स्पष्ट काय असू शकतो?

जलपरीक्षक

इथे थोडे सावध राहायला हवे. त्या घसरणीची चौकशी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा निष्कर्ष असा होता की 2019 च्या फेब्रुवारी-मार्चमधील तीव्र थंडी व बर्फ, हिवाळा काढण्याजोग्या खोल डोहांची कमतरता आणि आधीच्या शरद ऋतूत मासे तिथपर्यंत पोहोचण्यात आलेला अडथळा यांचा तो एकत्रित परिणाम होता. ही चौकशी खाण कंपनीनेच करवून घेतली होती हे ध्यानात ठेवावे, पण निष्कर्ष मला तर्कविसंगत वाटत नाही. सेलेनियम प्रौढ माशांना एका हिवाळ्यात मारत नाही. ते पिल्ले कमी करते. उलट ज्या नदीचे पात्र खाणीने आधीच आक्रसले आहे, जिच्या तळावरचे गोटे खाणीच्या पाण्यातील चुनखडीने एकमेकांना चिकटतात, तिथे माशांना वाईट हिवाळा पेलवत नाही, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

सीमापार

मी मोंटानात राहतो, म्हणून सीमेच्या या बाजूचे सांगतो. कूकनूसा हे नावच कूटनी नदी, कॅनडा आणि यूएसए यांच्या आद्याक्षरांची मोट बांधून केलेले आहे. लिबी धरणामुळे झालेला हा जलाशय दोन्ही देशांत पसरला आहे. मोंटानाने 2020 मध्ये आपल्या भागासाठी लिटरला 0.8 मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. एकच पाणी सीमेच्या उत्तरेला 2 च्या तराजूत आणि दक्षिणेला 0.8 च्या तराजूत मोजले जाते, यावरूनच वाद किती खोल आहे ते समजावे. मार्च 2024 मध्ये दोन्ही सरकारांनी हा प्रश्न 1909 च्या सीमा-जल कराराखालील संयुक्त आयोगाकडे सोपवला. कटुनाहा आदिवासी राष्ट्राने त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता.

दंडाचा उल्लेख वर आला नाही. मार्च 2021 मध्ये तेव्हा या खाणी चालवणाऱ्या टेक कोल कंपनीने 2012 मधील विसर्गाबद्दल गुन्हा कबूल केला आणि तिला सहा कोटी कॅनेडियन डॉलर भरावे लागले. कॅनडाच्या मत्स्य कायद्याखालील तोवरचा हा सर्वांत मोठा दंड होता. 2024 मध्ये खाणींची बहुतांश मालकी ग्लेनकोर कंपनीकडे गेली. शुद्धीकरणाचे काम चालू आहे: जुन्या खड्ड्यांत दगड भरून ते पाण्याखाली ठेवतात आणि त्यात जिवाणूंना खाद्य देतात, ते जिवाणू आधी नायट्रेट संपवतात व नंतर विरघळलेल्या सेलेनेटचे घन सेलेनियम करून दगडांतच सोडतात. कल्पना चांगली आहे, पण सगळ्या ओढ्यांचे पाणी त्यातून जात नाही.

वैनगंगाकाठ

दुरुस्ती मान्य. मी चंद्रपूरचा आहे, म्हणून विचारतो: आमच्याकडच्या कोळशालाही हेच लागू होईल का?

जलपरीक्षक

आपोआप नाही. प्रत्येक कोळशाच्या थरालगतच्या खडकात सेलेनियम सारखे नसते. मात्र माशांवरील त्याचा परिणाम जगाला प्रथम ठळकपणे दिसला तो खाणीजवळ नव्हे, तर उत्तर कॅरोलायनातील बेल्यूज तलावात, 1970 च्या दशकात, औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यातून आलेल्या पाण्यामुळे. तिथल्या बहुतेक माशांच्या जाती नाहीशा झाल्या. तेव्हा चंद्रपुरात खाणीचे पाणी आणि राखेचे पाणी दोन्ही वेगवेगळे तपासावे, आणि नुसते पाणी न तपासता विणीच्या हंगामात मरळ, रोहू यांची अंडीही तपासावीत.

मालवणकर_कॅल्गरी

सर्वांचे मनापासून आभार. मांस ठेवले आहे. सूचना पाहून मोठी माणसे अधूनमधून खाऊ. गाभोळीची पिशवी मात्र आज सकाळी काढून टाकली. आई फोनवर म्हणाली, ‘मेल्या, गाभोळी टाकलीस?’ तिला बलकाचे रसायनशास्त्र समजावताना वीस मिनिटे गेली, आणि तिला ते पटले आहे असे मला अजून वाटत नाही.