पाहुणा पत्रकार, अमेरिका आणि माळ्यावरची वही

बोरूबहाद्दर
परवा माळा आवरताना जुन्या ट्रंकेत माझी वही सापडली. ऑक्टोबर-नोव्हेंबर 1992. कोपरे वाळवीने खाल्लेत, पेन्सिलीचं लिखाण मात्र शाबूत. त्या वर्षी अमेरिकी सरकारच्या पाहुणा कार्यक्रमातून महिनाभर तिकडे गेलो होतो. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकात उपसंपादक. इंग्रजी बेताचं, सूट मेव्हण्याचा. वॉशिंग्टनला चार दिवस भाषणं ऐकवली आणि मग निवडणूक बघायला म्हणून आयोवात एका शेतकऱ्याच्या घरी नेऊन सोडलं.

सहाशे एकर मका आणि सोयाबीन. माणसं किती? नवरा, बायको, आणि सुट्टीला आलाच तर कॉलेजातला मुलगा. मी पहिल्या दिवशी विचारलं, गडी कुठे राहतात? त्याला प्रश्नच कळेना. रात्री दहापर्यंत कंबाइनमध्ये त्याच्या शेजारी बसून काढणी पाहिली. केबिनमध्ये रेडिओ, त्यावर शिकागोचा मक्याचा भाव. तो ऐकून त्याने जी मान हलवली, ती सांगलीच्या हळद बाजारात मी हजारदा पाहिली होती.

3 नोव्हेंबरला मतदान. मंगळवार, सुट्टी नाही. शाळेच्या व्यायामशाळेत केंद्र. बोटाला शाई नाही. मतपत्रिका ही एवढी लांब: अध्यक्षापासून काउंटीचा शेरीफ, हिशेबनीस, आणि खाली ‘अमुक न्यायाधीशांना पदावर ठेवावे काय? होय / नाही’. मी तीनदा वाचलं. न्यायाधीशाला मत! नवऱ्याने बुशना दिलं, बायकोने अपक्ष उमेदवार पेरोंना, आणि रात्री दोघं एकाच सोफ्यावर बसून क्लिंटन जिंकताना बघत होते. पेरोंना 19 टक्के मतं आणि राज्याराज्यांतून मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी इलेक्टोरल मतं शून्य. हे वाचकांना समजावण्यात माझा अर्धा कॉलम गेला.

पण वहीत सगळ्यात जास्त लिहिलंय ते पेपरच्या पेटीबद्दल. फुटपाथवर लोखंडी पेटी, नाणं टाकलं की दार उघडतं, आत अख्खा गठ्ठा. एक घ्यायचा आणि दार सोडून द्यायचं. मी समोरच्या बाकावर अर्धा तास बसून मोजलं. अकरा माणसं आली, अकरा पेपर गेले.

परतल्यावर मालिका सुरू केली. चार भाग आले, मग 6 डिसेंबर झाला. पानं दंगलीला गेली, पाचवा भाग राहिला तो राहिलाच.

तुम्ही गेला असाल, कामाला, लेकीकडे, पत्रकार म्हणून, कसेही, तर पहिल्या आठवड्यात वहीत काय टिपलं असतं? लिहा.

खारीबिस्कीट
काका पाचवा भाग इथेच टाका ना!! कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

न्यूजर्सीकर
बोरूकाका, लेख झकास, पण पेटीचं गुपित फोडतो, रागावू नका. आजचे दहा पेपर घेऊन माणूस करणार काय? भेळ बांधणार की रद्दीवाल्याला घालणार? रद्दीवालाच नाही इकडे. रविवारचा पेपर मात्र लोक दोन-दोन, तीन-तीन उचलायचे, कारण त्यात दुकानांची कुपनं असायची. आमच्या कोपऱ्यावरची पेटी रविवारी नऊच्या आत रिकामी. आता पेट्याच गेल्या म्हणा.

टोमणेमास्तर
म्हणजे काकांनी मोजणी गुरुवारी केली 😄

बोरूबहाद्दर
वहीत बघितलं. बुधवार. 😐

अजून_एक_आई
बाळंतपणाला गेले होते लेकीकडे. आमचे हे सकाळी फिरायला निघाले, सवयीने, माकडटोपी घालून. फुटपाथ नाही, गवताच्या कडेकडेने चाललेत. मागून पोलिसांची गाडी हळूहळू. काच खाली करून विचारतो, सर आर यू ओके? ह्यांना वाटलं तब्येत विचारतोय, तर उभं राहून बीपी, गुडघा, मोतीबिंदू सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि घरी आणून सोडलं. जावई दारात पांढरा फटक. आणि ती पिवळी स्कूल बस! ती थांबली, बाजूने लाल पाटी बाहेर आली की दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी. एक पोरगं उतरतंय, दप्तर सांभाळत, बुटाची लेस सुटलेली, आणि वीस मोठी माणसं मुकाट थांबलीत. मी रोज तीन वाजता ते बघायला खिडकीत बसायचे. इथे आमच्या नातवाला रस्ता ओलांडायला दोन मोठी माणसं लागतात.

तळ्यात_मळ्यात
बीपी, गुडघा, मोतीबिंदू 🤣🤣 ऑफिसात हसले मोठ्याने, सगळे बघतायत

डेस्कवरची
मी 2014 ला गेले होते, तीन आठवडे, आम्ही सहा देशांचे सहा पत्रकार. मला एका छोट्या गावच्या साप्ताहिकात बसवलं होतं. मृत्यूच्या बातम्या कुटुंबाने लिहून द्यायच्या आणि ओळींप्रमाणे पैसे भरायचे, त्या लावायचं काम माझ्याकडे. आपल्याकडे काय असतं, ‘दुःखद निधन’, फोटो, दशक्रिया अमुक घाटावर, शोकाकुल समस्त परिवार. तिथे एका आजींबद्दल दीड कॉलम. कुठल्या शाळेत शिकल्या, बोलिंगच्या टीममध्ये किती वर्षं होत्या, आणि सफरचंदाच्या पायची कृती त्यांनी मरेपर्यंत सुनेला सांगितली नाही. हे छापायला पैसे मोजले होते, बहुधा सुनेनेच. मी ते कात्रण अजून ठेवलंय.

दुसरं म्हणजे कोर्टाची इमारत. एका जमिनीच्या खटल्याची फाइल मागितली. खिडकीतल्या बाईने ‘कशाला हवी’ विचारलंच नाही, झेरॉक्स किती पानं एवढंच विचारलं. मी सवयीने ओळखपत्र काढून उभी. आपला माहितीचा अधिकार 2005 चा (महाराष्ट्राचा 2002), त्यांचा कायदा 1966 चा. पण फरक नुसता वर्षांचा नाही हो. आमच्या तालुक्यात अर्ज दिला की संध्याकाळी ज्याच्याबद्दल दिलाय त्याचाच फोन येतो.

न्यूजर्सीकर
हे खरं. पण गुलाबी चष्मा थोडा उतरवा. बाबा इथे आले असताना चक्कर आली, ॲम्ब्युलन्स बोलावली, चार मैल. नंतर बिल आलं ते वाचून मला चक्कर आली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. विम्याशी फोनवर भांडण्यात सात महिने गेले. पाहुण्या पत्रकाराला हे कोण दाखवतंय, तो सुदैवाने आजारी पडत नाही.

खारीबिस्कीट
आले. कुकर झाला, वरण उतू गेलं. माझ्या आजोबांकडे मर्फीचा रेडिओ होता, त्यावर ते बीबीसीचं लेटर फ्रॉम अमेरिका ऐकायचे. ॲलिस्टेअर कुक. 1946 ते 2004, 58 वर्षं एक माणूस अमेरिका समजावून सांगतोय! आजोबा अमेरिकेला कधीच गेले नाहीत, पण वादात ‘तिकडे असं नसतं’ म्हणून समोरच्याला गप्प करायचे.

मनमौजी
आपल्या पंडिता रमाबाई विसरलात का सगळे? पत्रकार नव्हत्या, पण नजर वार्ताहराची. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या, मग दोन वर्षांहून जास्त तो देश फिरल्या आणि 1889 मध्ये मराठीत पुस्तक काढलं. बायकांच्या संस्था, शाळा, सगळं बारकाईने, आणि काळ्यांशी कसं वागतात तेही सोडलं नाही. बोरूकाका, तुमच्या आधी शंभर वर्षं!

बोरूबहाद्दर
मनमौजी, मान्य. आणि मेव्हण्याचा सूटही न घालता.

अजून_एक_आई
काका तिकडे जेवणाचं काय केलंत? तुम्ही शाकाहारी ना?

बोरूबहाद्दर
ताई, तेच तर पाचव्या भागात होतं. रविवारी चर्चमध्ये प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. मी म्हटलं मी फक्त भाजीपाला खातो. सगळ्यांनी प्रेमाने सॅलडकडे नेलं. सॅलड म्हणजे काय, तर हिरवी पारदर्शक जेली, ताटलीला धक्का लागला की थरथरतेय, आणि आत किसलेलं गाजर अडकलेलं. वर पांढरी क्रीम. खाल्लं. गोड! दोन वेळा वाढून घेतलं. जेलीतलं जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं हे मला इथे परतल्यावर कळलं. बायकोने देवासमोर उदबत्ती लावली.

टोमणेमास्तर
संपादकांनी पाचवा भाग दंगलीमुळे नाही, या कारणाने रोखला असणार

तळ्यात_मळ्यात
अवांतर: आयोवात सध्या कुणी आहे का? भाऊ जॉबला चाललाय डे मॉइनला, थंडी किती असते आणि पोहे मिळतात का

न्यूजर्सीकर
पोहे मिळतील, इंडियन स्टोअर आता सगळीकडे. थंडीला मात्र इथलंच जॅकेट घे म्हणावं, तिकडून आणू नको. व्यनि (खाजगी निरोप) कर.

खारीबिस्कीट
काका त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं?

बोरूबहाद्दर
नाताळला त्याच्या बायकोचं छापील पत्र यायचं, वर्षभराचा अहवाल, पाऊस, भाव, नातवंडं, सगळ्यांना एकच. खाली माझ्यापुरतं हाताने एक वाक्य. बरीच वर्षं आलं. वहीत तिचा एक फोटोही आहे, कंबाइनच्या शिडीवर उभी, हातात थर्मास. इथे टाकायचा प्रयत्न करतोय, ‘फाइल मोठी आहे’ म्हणतंय. नातू क्लासहून आला की बघतो.