डेस्कटॉप आणि राउटरसाठी इन्व्हर्टर: स्क्वेअर वेव्ह चालेल का?

प्रश्न
गावात रोज तीन-चार तास लाईट जाते. दुपारी व्होल्टेजही १७०पर्यंत उतरतं. डेस्कटॉप, मॉनिटर, राउटर आणि छताचा एक पंखा चालवायचा आहे. दुकानदार ९०० व्हीएचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी सुचवतोय. साइन वेव्हसाठी जास्त पैसे घालावेत का? बॅकअप किती मिळेल?

प्रतिसाद १
साइन वेव्हच घ्या. त्याची वीज घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहरीची असते, स्क्वेअर वेव्हची चौकोनी. स्क्वेअर वेव्हवर पंखा घूंघूं आवाज करतो, तापतो. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतला वीजपुरवठ्याचा डबा) एपीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असेल, तर लाईट जाताक्षणी कॉम्प्युटर बंद पडू शकतो.

आता हिशोब. कॉम्प्युटर १२०, मॉनिटर २५, राउटर १०, पंखा ७५, म्हणजे २३० वॅट. ९०० व्हीए म्हणजे ९०० वॅट नव्हेत, साधारण ७०० धरा; तरी भरपूर आहे. बॅटरीत १२ व्होल्ट × १५० एएच = १८०० वॅट-तास, पण ही क्षमता ती २० तासांत सावकाश उतरवली तरची. तुमच्या लोडवर ७० टक्केच मोजा, त्यातले १५-२० टक्के इन्व्हर्टर खातो. उरतात हजार-साडेदहाशे. नव्या बॅटरीवर साडेचार तास. जुनी होईल तसे कमी.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, पण १७० व्होल्टचा मुद्दा राहिला आणि खरी गोची तिथेच आहे. कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ नये म्हणून इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’वर (बॅटरीवर झटपट जाणारा मोड) ठेवावं लागतं. त्या मोडमध्ये व्होल्टेज १८०च्या खाली गेलं की बहुतेक इन्व्हर्टर लाईट असूनही बॅटरीवर जातात. दुपारभर बॅटरी उतरते आणि खरी लाईट जाते तेव्हा ती रिकामी! इन्व्हर्टरच्या आधी १ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा. लहान घेऊ नका, कारण लोडच्या जोडीला चार्जिंगचे अडीचशे-तीनशे वॅटही त्याच्यावरच येतात.

प्रतिसाद ३
बॅटरीच्या वायरी लांबवू नका. २३० वॅटला १२ व्होल्टच्या बाजूने २३-२४ अँपिअर वाहतात. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) सैल राहून ०.०२ ओहमचा जरी रोध आला, तरी तिथे अर्धा व्होल्ट पडतो आणि ११-१२ वॅटची उष्णता होते. टर्मिनल हाताला गरम लागतं, आणि बॅटरीत चार्ज असतानाच ‘लो बॅटरी’ची शिट्टी वाजते. मग लोक बॅटरीला दोष देतात. पांढरट-हिरवी भुकटी दिसली तर इन्व्हर्टर बंद करून लग काढा, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसा, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडं करून घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली.

वायरमनला इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल वेगळा ओढायला सांगा. घरातल्या दुसऱ्या न्यूट्रलशी मिसळला तर आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो.

प्रश्नकर्ता
आभार. रात्री फक्त राउटर चालू ठेवायचा असेल तर?

प्रतिसाद २
त्याला वेगळा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस द्या. १० वॅटच्या राउटरसाठी इन्व्हर्टर चालू ठेवला, तर जवळपास तेवढेच वॅट तो स्वतःच खातो. फक्त अॅडॉप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनचा प्लस-मायनस जुळवून घ्या. काही राउटर ९ व्होल्टचे असतात.