एका ‘सेट’ला इतके अर्थ कसे काय?

शब्दवेडी: मुलीला इंग्लिश शिकवतेय. काल तिने विचारलं की आई, टेनिसचा सेट, टीव्हीचा सेट, सूर्य सेट होतो, अलार्म सेट करतो, हे सगळं एकच कसं? मला काही सांगता येईना, खरंच एकच शब्द आहे का हा?

जुना वाचक: एक नाही, दोन आहेत! क्रियापद जुन्या इंग्लिशमधल्या ‘सेटान’वरून आलंय म्हणजे बसवणे, ‘सिट’चंच प्रयोजक रूप, आपलं बसणे-बसवणे असतं ना अगदी तसंच. आणि समूह या अर्थाचा सेट जुन्या फ्रेंचमधून, मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे पंथ. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले. १९८९ च्या ऑक्सफर्ड डिक्शनरीत नुसत्या क्रियापदाचेच ४०० च्या वर अर्थ आहेत. पण आपलं ‘बसवणे’ घ्या की, काच बसवतो, नाटक बसवतो, विस्कटलेली घडी बसवतो, सगळीकडे काहीतरी आपल्या जागी नेऊन ठेवणंच आहे. मुलीला इथूनच सांगा, पटकन कळेल.

शब्दवेडी: वा, बसवणे डोक्यातच आलं नव्हतं!! थँक्यू

खिडकी: माझा सगळ्यात लाडका शब्द विंडो. जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) ‘विंदाउगा’, म्हणजे वाऱ्याचा डोळा. आणि आपलं गवाक्ष म्हणजे गाईबैलाचा डोळा! दोन्हीकडे लोकांना भिंतीतल्या त्या भोकात डोळाच दिसला, हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मी खिडकीकडेच बघत बसले होते.

जुना वाचक: मग मसल पण सांगा तिला, लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली पळतो तो.