विरोधी पक्षाचा अध्यक्ष निवडताना मतदार नेमका कोण असावा?

भीमाकाठ

काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी १७ ऑक्टोबर २०२२ रोजी पक्षाच्या निवडक प्रतिनिधींचे देशभर मतदान झाले आणि १९ ऑक्टोबरच्या मोजणीत मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७, तर शशी थरूर यांना १,०७२ मते मिळाली. ४१६ मते बाद ठरली. २०१९ च्या पराभवानंतर राहुल गांधी यांनी राजीनामा दिल्यापासून तीन वर्षांहून अधिक काळ हंगामी अध्यक्षांवर चाललेल्या पक्षाने अखेर मतपेटी मांडली, याचे मला तेव्हा मनापासून समाधान वाटले होते. एक शंका मात्र आजही फिटलेली नाही. मतदानाच्या महिनाभर आधी अनेक प्रदेश समित्यांनी प्रदेशाध्यक्ष नेमण्याचे अधिकार पक्षाध्यक्षांना देणारे ठराव एकमताने करून टाकले होते. म्हणजे सर्वांत वरच्या पदासाठी मतदान आणि त्याखालच्या पदांसाठी नेमणूक, असा हा प्रकार झाला. महाराष्ट्रातही नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या केवळ १६ जागा हाती आल्यानंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये नाना पटोले यांच्या जागी हर्षवर्धन सपकाळ यांचे नाव दिल्लीहून जाहीर झाले. त्यांच्या योग्यतेविषयी मला काहीही म्हणायचे नाही. प्रश्न पद्धतीचा आहे.

सत्तेबाहेर असलेल्या, पराभवाने खचलेल्या पक्षाला चुरशीची निवडणूक बळ देते की त्याची उरलीसुरली ताकदही वाटून टाकते? आणि निवडणूक घ्यायचीच असेल, तर मत कोणाला असावे: आमदार-खासदारांना, निवडक प्रतिनिधींना की प्रत्येक सदस्याला?

शिवारवाट

मी एका पक्षाचे काम तालुका पातळीवर करतो. पक्षाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी जे पाहिले ते थोड्याफार फरकाने बहुतेक पक्षांत चालते. सदस्यनोंदणी सुरू झाली की जिल्ह्याहून पावतीपुस्तके येतात. ज्याला तालुकाध्यक्ष व्हायचे असते तो पुस्तकांचे गठ्ठे उचलतो, शुल्क स्वतःच्या खिशातून भरतो आणि गावाची मतदारयादी समोर ठेवून नावे उतरवून काढतो. पुस्तकेच्या पुस्तके एकाच हस्ताक्षरात भरलेली मी पाहिली आहेत. ज्यांची नावे त्यांत होती, त्यांतील कित्येकांना आपण कोणत्या पक्षाचे सदस्य झालो आहोत याची कल्पनाही नव्हती. पुढे याच सदस्यांतून बूथ, तालुका आणि जिल्हा समित्या ‘बिनविरोध’ निवडून आल्याचे कागदोपत्री दिसते आणि त्यांतूनच वरचे प्रतिनिधी ठरतात. ज्याच्याकडे पुस्तके, त्याच्याकडे मते, असे हे गणित आहे. तेव्हा ‘मत कोणाला असावे’ या प्रश्नाआधी ‘मतदार खरा आहे का’ हा प्रश्न सोडवावा लागतो.

२०२२ च्या निवडणुकीतही मुख्य वाद याच मुद्द्यावर झाला होता. थरूर यांच्यासह पाच खासदारांनी काँग्रेसच्या अंतर्गत निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांना पत्र लिहून मतदार प्रतिनिधींची यादी उपलब्ध करून देण्याची मागणी केली होती. यादी सर्वांसाठी प्रसिद्ध झाली नाही. अर्ज भरू इच्छिणाऱ्याने ती पक्ष कार्यालयात येऊन पाहावी, असा मार्ग काढण्यात आला. नऊ हजारांहून अधिक मतदार देशभर विखुरलेले असताना ज्याच्या मागे प्रदेशाध्यक्ष आणि विधिमंडळातील नेते उभे आहेत तो त्यांच्यापर्यंत एका दिवसात पोहोचतो, आणि ज्याच्या मागे कोणी नाही त्याचा निम्मा प्रचारकाळ मतदारांचे फोन क्रमांक जमवण्यातच जातो.

त्या निवडणुकीतील दोन निर्णय मात्र मला फार मोलाचे वाटतात. मतपत्रिकेवर आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढे ‘१’ हा आकडा लिहावा, असे आधी ठरले होते. परंतु खर्गे यांचे नावच पहिल्या क्रमांकावर असल्याने मतदारांचा गोंधळ होईल, असा आक्षेप थरूर यांच्या बाजूने आला आणि त्याऐवजी बरोबरची खूण करण्याचे ठरले. दुसरे म्हणजे, मोजणीपूर्वी सर्व राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्यात आल्या, जेणेकरून कोणत्या राज्याने कोणाला किती मते दिली हे कळू नये. हरणाऱ्या उमेदवाराला मत दिल्याबद्दल आपल्या जिल्ह्यावर कोणाचा राग निघणार नाही, एवढी खात्री असल्याशिवाय कोणता प्रतिनिधी मन मोकळे करून मत देईल?

वऱ्हाडकर

मला चुरशीच्या निवडणुकीचे एवढे कौतुक वाटत नाही. सत्ताधारी पक्षातील हरलेल्या गटाला मंत्रिपदे, महामंडळे देऊन सांभाळता येते. विरोधी पक्षाकडे वाटायला काहीच नसते, त्यामुळे तेथील दुखावलेला माणूस सरळ पलीकडे जातो. शिवाय अध्यक्ष कितीही मतांनी निवडून आला तरी सभागृहातील संख्याबळ वाढत नाही. २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ जागा मिळाल्याने काँग्रेसला दहा वर्षे लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेतेपदही मिळाले नाही. अशा काळात चार ज्येष्ठांनी एकत्र बसून सर्वांना चालेल असे नाव काढले, तर त्यात गैर काय?

जुनी कात्रणे

वऱ्हाडकर यांची भीती निराधार नाही. इतिहासात तिला आधार आहे. काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी पराभव केला, पण त्रिपुरी अधिवेशनात गोविंद वल्लभ पंत यांनी मांडलेल्या ठरावाने कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमण्याचे बंधन त्यांच्यावर आले आणि काही आठवड्यांतच बोस यांना पद सोडावे लागले. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन यांनी आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव यांच्यावर मात केली. पुढच्याच वर्षी टंडन पायउतार झाले आणि पं. नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. कृपलानी तर तोवर पक्षाबाहेर पडले होते. मला यातून दिसते ते असे की, निवडून आलेल्या अध्यक्षाला आपली कार्यकारिणी बनवण्याचा अधिकार नसेल तर मतदान वाया जाते, आणि हरलेल्याला सन्मानाची जागा नसेल तर पक्ष फुटतो. थरूर यांना ऑगस्ट २०२३ मध्ये कार्यकारिणीत घेतले गेले, ही त्या दृष्टीने योग्य गोष्ट झाली.

परंतु ‘चार ज्येष्ठांनी बसून ठरवावे’ याची किंमत महाराष्ट्राइतकी क्वचितच कोणी मोजली असेल. २ मे २०२३ रोजी शरद पवार यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली, नेत्यांच्या समितीने ५ मे रोजी राजीनामा फेटाळला आणि पवारांनी निर्णय मागे घेतला. या सगळ्यात सामान्य सदस्याचे मत कोठेही विचारले गेले नाही. जुलैमध्ये पक्ष फुटला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने नाव व चिन्ह अजित पवार यांच्या गटाला दिले. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या प्रकरणात आयोगाने पक्षाच्या २०१८ च्या घटनेवर ती लोकशाहीला धरून नसल्याचे ताशेरे ओढले होते. दोन्ही वेळा संघटनेतील बहुमताच्या कसोटीवर विसंबता येत नाही असे ठरले आणि आमदार-खासदारांच्या संख्येवर निर्णय झाला. त्या निर्णयांविषयी माझे आक्षेप आहेत, कारण आमदारांची संख्या म्हणजे पक्ष नव्हे. पण पदाधिकारी खरोखर निवडून आलेले असते आणि सदस्यांच्या याद्या तपासून घेता येण्याजोग्या असत्या, तर संघटनेचे बहुमत बाजूला सारणे आयोगाला इतके सोपे गेले नसते. कायद्याकडून फारशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. केवळ पक्षाच्या घटनेचा भंग झाला म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे.

लीड्सकर

मी अनेक वर्षे इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून प्रत्येक सदस्याला मत देण्याचा तेथील अनुभव मांडतो. मजूर पक्षाने २०१५ मध्ये विरोधी बाकांवर असताना नेता निवडला. उमेदवारी मिळण्यासाठी ३५ खासदारांचा पाठिंबा लागत होता. जेरेमी कॉर्बिन यांनी अखेरच्या क्षणी ३६ जमवले, तेही अशा काही खासदारांच्या बळावर ज्यांना ते नेते म्हणून नको होते, केवळ चर्चेत सर्व बाजू असाव्यात असे वाटत होते. तीन पौंड भरणाऱ्या समर्थकालाही मत होते. कॉर्बिन ५९.५ टक्के मतांनी जिंकले. जून २०१६ मध्ये त्यांच्याच खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला आणि त्याच वर्षी सदस्यांनी त्यांना पुन्हा ६१.८ टक्के मतांनी निवडले. ज्यांच्या बळावर नेत्याने सभागृहात सरकारला धारेवर धरायचे तेच त्याच्या मागे नव्हते, आणि हा तिढा २०२० पर्यंत सुटला नाही.

तेथे पक्षाचा नेता आणि संसदेतील विरोधी पक्षनेता एकच असतो, त्यामुळे हा पेच इतका बोचला. आपल्याकडे अध्यक्ष आणि सभागृहातील नेता ही पदे वेगळी असू शकतात. म्हणून सभागृहातील नेता आमदार-खासदारांनी गुप्त मतदानाने निवडावा आणि अध्यक्ष सदस्यांनी, ही विभागणी मला भारतासाठी अधिक योग्य वाटते.

भीमाकाठ

लीड्सकर यांची विभागणी मला पटते. शिवारवाट, आपणांस एकच विचारतो: पावतीपुस्तकांचा जो प्रकार आपण सांगितला तो चालू असताना प्रत्येक सदस्याला मत दिले, तर पुस्तके विकत घेणाऱ्याचेच फावणार नाही का?

शिवारवाट

आज दिले तर नक्कीच फावेल. म्हणून आधी यादी उघड करावी लागेल. गावनिहाय सदस्यांची नावे निवडणुकीच्या किमान सहा महिने आधी तालुका कार्यालयाबाहेर लावावीत, हरकती लेखी घ्याव्यात आणि त्यांची सुनावणी दुसऱ्या जिल्ह्यातील पदाधिकाऱ्याने करावी. शुल्क सदस्याच्या स्वतःच्या खात्यातून किंवा फोनवरून आले तरच ते नाव मतदार म्हणून धरावे. यात संख्या कमी होईल, कदाचित निम्म्याहूनही खाली येईल, आणि जिल्ह्याच्या नेत्यांना तो आकडा दिल्लीत सांगायला संकोच वाटेल. माझ्या तालुक्यात नावे गळून जी शे-दीडशे माणसे उरतील त्यांना मी नावानिशी ओळखतो. सत्ता नसतानाही सभेला सतरंज्या अंथरायला तीच येतात, आणि अध्यक्ष कोण असावा हे आजवर त्यांना कोणी विचारलेले नाही.